पलीकडची अर्धी खोली

११ एप्रिल

अहो,

पाकिटावरचं परदेशी तिकीट बघून तुमच्या ताईंनी आधी तोंड वाकडं केलं असेल आणि मग ते तुमच्या हातात दिलं असेल. घाबरू नका, कुणाला काही झालेलं नाही. मी भावजींच्या गावच्या घरी आलेय. एकटीच. तुम्हाला सांगून निघाले असते तर तुम्ही "हं" म्हणाला असतात, आणि त्या "हं"चा अर्थ लावत मी अख्खा विमानप्रवास काढला असता. त्यापेक्षा न सांगता आलेलं बरं.

आमंत्रण दोघांना होतं, आपल्या घरच्या पत्त्यावर आलं. त्या बिचाऱ्यांना कुठे माहीत की तुम्ही आता ताईंकडे राहता. चिमणीने लिहिलं होतं, "दोघंही रिटायर झालात, आता कसली कारणं सांगता? गुपचूप या." ते पत्र टेबलावर ठेवून मी बरेच दिवस त्याच्याभोवती घिरट्या घातल्या. मग म्हटलं, आपण भांडी वाटली, गाद्या वाटल्या, तुम्ही तर चहाची गाळणीसुद्धा घेऊन गेलात. मित्र तेवढे वाटायचे राहिले. भावजी तुमचे शाळेपासूनचे दोस्त, कबूल. पण चिमणीशी त्यांचं लग्न कुणी जमवलं? मीच ना? तेव्हा हक्क माझाही आहे. आणि खरं सांगायचं तर, जो आधी पोचेल त्याचे, असं माझ्या मनात होतं. आता हसू नका.

आता मुद्द्याचं. इथे मी सांगितलंय की तुमच्याकडे कामं साचलीत, जुनी गिऱ्हाइकं भिंगं घासून घ्यायला अजून तुमच्याकडेच येतात, म्हणून तुम्ही मागाहून याल. भावजींचा मोबाईलवर फोन आला तर एवढंच बोला. जास्त काही सांगायला जाऊ नका, तुम्हाला खोटं बोलता येत नाही.

का, ते विचाराल. तिकडे माझं सगळ्यांना सांगून झालं. माझ्या बहिणीला सांगितलं, शेजारणीला सांगितलं, दूधवाल्यालासुद्धा सांगितलं, कारण तो दोघांचं दूध घालत होता. सगळे मान कलती करतात आणि आवाज खाली आणतात. मला कंटाळा आलाय. जगात एक घर तरी असं राहू दे जिथे मला कुणी दारात बघितलं की आधी तुम्ही कुठे आहात म्हणून विचारतं. तेवढं एक घर माझं मोडू नका.

— मी


१४ एप्रिल

अहो,

पोस्टमन इथे रोज येत नाही, पण हे पत्र थांबवून ठेवण्यासारखं नाही.

तुम्हाला आठवतं का, आपल्या त्या पहिल्या खोलीत, पंखा बंद पडला होता म्हणून चौघं जमिनीवर ओला टॉवेल टाकून बसलो होतो? भावजी आणि चिमणी परदेशी निघायचे होते. तुम्ही म्हणालात, "जायचं तिथे जा, पण म्हातारपणी चौघं एका छपराखाली राहू. तू खोली बांध, मी सगळ्यांना फुकट चष्मे देतो." मीही म्हटलं होतं, माझी खिडकी मोठी पाहिजे. असं कोण म्हणत नाही? चार माणसं जमली, पोटं भरलेली असली, की असलं काहीतरी बोलतातच. दुसऱ्या दिवशी आपण पंखा दुरुस्त केला आणि विसरून गेलो.

ते विसरले नाहीत. त्यांनी खोली बांधलीय.

आले त्याच दिवशी, पहिलं पत्र लिहून झाल्यावर, चिमणीने मला स्वयंपाकघरातून थेट मागच्या अंगणात नेलं. कोंबड्यांच्या खुराड्याच्या पुढे, विहिरीच्या अलीकडे, नवीकोरी लांब खोली. भावजींनी आयुष्यभर लोकांच्या इमारतींचे नकाशे काढले, ही स्वतःच्या हाताने बांधली. दोन खिडक्या. एक मोठी, पूर्वेला, ती म्हणे माझी. दुसरी उत्तरेला, तिच्याखाली लाकडाचा लांब ओटा, तो तुमचा, भिंगं घासायला, म्हणजे डोळ्यावर ऊन यायला नको. दोन पलंग. दोघांवर सारख्या चादरी. मधे एक चटई. चिमणी माझ्याकडे बघत होती, तिला वाटलं मला आनंदाने बोलता येत नाहीये. ती म्हणाली, "टेलिफोन, तू गप्प? डॉक्टर बोलावू का?" एक्स्चेंजमधली नोकरी सोडून मला इतकी वर्षं झाली, तरी तिच्यासाठी मी टेलिफोनच.

"पत्रात का नाही लिहिलंस?" मी विचारलं.

"लिहिलं असतं तर तुझा भिंग्या म्हणाला असता, आधी बघू दे, मग ठरवू. तुझा नवरा ठरवायला बसला की संपलं."

हे मात्र तिने बरोबर ओळखलंय.

मी दाराजवळच्या पलंगावर झोपते. दुसऱ्यावर माझी बॅगसुद्धा ठेवत नाही. आज चिमणीने धुवायला दोन्ही चादरी काढल्या. मी म्हटलं, अगं त्यावर कोण झोपलंय? तर म्हणते, "धूळ तर बसते ना." मी बाहेर जाऊन कोंबड्या बघत उभी राहिले.

— मी


१९ एप्रिल

अहो,

काल जेवताना भावजी म्हणाले, "भिंग्याशी बोललो दुपारी." माझा घास तसाच राहिला. माझं पहिलं पत्र तुम्हाला अजून मिळालेलं नसणार, म्हणजे तुम्हाला काहीच ठाऊक नाही, आता तुम्ही सगळं बोलून मोकळे झाला असाल, असं वाटलं. तर भावजी म्हणाले, "कामं आहेत म्हणतो. बघतो म्हणतो. तुम्ही नीट जेवता का, ते विचारत होता."

तुम्ही खोटं का बोललात? मी सांगायच्या आधीच? मला वाचवायला म्हणून, की तुम्हालाही हे घर मोडायचं नाही म्हणून, की नुसतं बोलणं टाळायचं म्हणून? रात्रभर यावर डोकं चालवलं आणि शेवटी स्वतःवरच चिडले. तुमच्या दोन शब्दांवरून पानभर अर्थ काढायची माझी खोड गेलेली नाही. तुम्ही जाऊन एवढे महिने झाले तरी नाही.

इथे फार शांत आहे. तुम्हाला आवडलं असतं. मला नाही आवडत. आयुष्यभर कानाला यंत्र लावून मी लोकांना लोकांशी जोडून दिलं, बोर्डावर दिवे लागायचे, एक विझला की दुसरा. इथे सकाळी फाटक करकरतं, कोंबड्या ओरडतात, आणि मग दुपारपर्यंत कुणाचं काही म्हणणं नसतं. भावजी बटाट्याच्या वाफ्यात, चिमणी गावातल्या म्हाताऱ्यांना इंजेक्शनं द्यायला सायकलवरून. नर्सची नोकरी संपली तरी हिचं फिरणं संपलेलं नाही.

कुंपणापलीकडे एक बाई राहते. माझ्याच वयाची, एकटी, पायात पुरुषाचे बूट. तिला माझी भाषा येत नाही, मला तिची येत नाही. पहिल्या दिवशी ती काहीतरी बोलली, मी म्हटलं, "हो ना, हवा छान आहे." ती बोलतच राहिली. मीही बोलत राहिले. आता रोज सकाळी आमची बैठक असते. परवा मी तिला सगळं सांगितलं. तुम्ही गेलात कसे, मी काय म्हटलं, घरात संध्याकाळी रेडिओ लावून मी दुसऱ्या खोलीत का बसते, सगळं. ती अधूनमधून मान हलवत होती. मग तिने बुटांकडे बोट दाखवून काहीतरी लांबलचक सांगितलं. मीही मान हलवली. जाताना तिने मला कांद्याची जुडी दिली.

आज चिमणी अंगणात भावजींचे केस कापत होती. खुर्चीवर ते, गळ्याभोवती जुनी चादर. ती म्हणाली, "मान हलवू नकोस, कान कापीन." ते म्हणाले, "काप, तसंही तुझं ऐकून कंटाळलेत." मला त्या दोघांचा इतका हेवा वाटला की मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं. असं मी कधी कुणाला पाण्यात पाहिलं नव्हतं. तुम्ही म्हणाल, पाहिलं होतंस. असो.

— मी


२४ एप्रिल

अहो,

सांगून टाकलं. तुम्हाला गप्प राहायला सांगितलं आणि मीच तोंडघशी पडले.

झालं असं. मी आणि चिमणी स्वयंपाकघरात बटाटे सोलत होतो. भावजी करवत घेऊन आत आले आणि म्हणाले, "वहिनी, तो ओटा मला उंच झालाय असं वाटतं. भिंग्या बसून काम करतो की उभ्याने? कुठपर्यंत हवा त्याला?"

मी उठले आणि माझ्या छातीच्या जरा खाली हात आडवा धरला. "इथपर्यंत. उभं राहून करतात. कोपर टेकलं पाहिजे, नाहीतर खांदा दुखतो, मग रात्री तेल लावून घ्यायला येतात." हे बोलले आणि हात तसाच धरून उभी राहिले. तो हात मला खाली घेता येईना. मग म्हटलं, "भावजी, कापू नका. ते यायचे नाहीत. ते माझ्याजवळ राहत नाहीत."

भावजींनी करवत हळूच टेबलावर ठेवली आणि ते बाहेर गेले. चिमणीने माझं मनगट धरलं, अगदी नाडी बघतात तसं.

"कधीपासून?"

"थंडी सुरू झाल्यापासून."

"भांडण?"

"नाही गं. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. एक दिवस पिशवी भरली आणि म्हणाले, जरा ताईकडे राहून येतो. मी म्हटलं, छत्री घ्या."

"आणि?"

"घेतली."

चिमणी हसली आणि लगेच तिचे डोळे भरले. माझेही. मग ती म्हणाली, "आल्या आल्या का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "सांगितलं असतं तर मी तुमच्याकडे कोण म्हणून राहिले असते? भिंग्याची बायको म्हणून मी तुमची. त्यांची बायको नसले तर मग कोण?" तिने मला खूप शिव्या घातल्या. त्या इथे लिहीत नाही. पण लग्न मी जमवलं होतं हे तिनेच काढलं, मला काढावं लागलं नाही.

बऱ्याच वेळाने भावजी आले. हातात मापाची पट्टी, खडू आणि सुतळीचं भेंडोळं. चेहरा असा, जणू इमारतीचा नकाशा मंजूर होऊन आलाय.

"मापं घेतली," म्हणाले. "खिडक्या दोन आहेतच. मधे भिंत घालू. त्याच्या बाजूला नवं दार पाडू. वहिनी, तुम्ही इकडे, तो तिकडे. एकमेकांचं तोंड बघायचं नसेल तर बघू नका. भांडायचंच असेल तर अंगणात या, आम्हालाही करमणूक."

मला आधी हसू आलं. मग कळलं की हा माणूस थट्टा करत नाहीये.

"भावजी, असं नसतं हो," मी म्हटलं.

"मग कसं असतं? मी चौघांसाठी छप्पर घातलंय. तिघांसाठी कसं घालायचं, मला येत नाही."

चिमणी म्हणाली, "अरे, त्यांचा संसार मोडलाय, तू विटा काय मोजतोस?" तर म्हणाले, "मला जे येतं ते मी करतो." आणि गेले. संध्याकाळी खोलीच्या मधोमध जमिनीवर खडूची रेघ आणि वर ताणलेली सुतळी. चटई गुंडाळून कोपऱ्यात उभी. मी माझ्या पलंगावर बसून त्या सुतळीकडे बघत होते. मला भावजींचा राग आला नाही. त्यांनी तुमची बाजू घेतली नाही, माझीही घेतली नाही. मित्र वाटायला निघालेली मी, आणि त्यांनी वाटायला खोली काढली.

— मी


३ मे

अहो,

भिंत गुडघ्याच्या वर आलीय. विटा वाहायला मी आहे, चुना कालवायला चिमणी, थापी चालवायला भावजी. माझ्या हाताची कातडी सोलवटलीय. टेलिफोनच्या खुंट्या खुपसणाऱ्या हातांना हे नवीनच.

मी हे पत्र फार वेळा लिहायला घेतलं. तुम्हाला लांबलचक वाचायचा कंटाळा, म्हणून सरळ लिहिते.

तुम्ही या.

नवरा म्हणून या असं म्हणत नाही. ते तुम्हाला जड झालं, ते मला दिसत होतं, मीही काही हलकी बाई नाही. माझा तोंडाचा पट्टा आणि तुमचं मौन, दोन्ही एका खोलीत मावेना. पण इथे आता एक खोली नाही. तुमच्या बाजूला उत्तरेचा उजेड आहे, ओटा तुमच्या मापाचा कापून झालाय, दार वेगळं आहे. माझ्या बाजूने मी तुमच्या बाजूला येणार नाही, भावजींसमोर कबूल केलंय. जेवायला मधल्या घरात, तिथे बोलणारी तीन माणसं आहेत, तुम्हाला तोंड उघडावं लागणार नाही.

मला नुसतं पलीकडे कुणीतरी हवंय. तुम्ही सकाळी घसा खाकरता, तेवढं ऐकू आलं तरी पुरे. भिंग घासताना तो बारीक किर्र आवाज येतो, त्याचा मी तीस वर्षं वैताग केला. आता तो आवाज मला हवा आहे. मी एकटी पडलेय हो. हे मी कुंपणावरच्या बाईलासुद्धा इतकं सरळ सांगितलं नाही, आणि तिला तर कळतही नाही.

माझे व्हिसाचे कागद भावजी वाढवून आणणार आहेत. तुमचेही करतो म्हणाले. हो की नाही, एवढंच कळवा. मला कळवायचं नसेल तर भावजींना कळवा. पण "बघतो" म्हणू नका.

— मी


१२ मे

अहो,

तुमचा फोन आला तेव्हा मी स्वयंपाकघरातच होते. भावजींनी मला खुणेने विचारलं, बोलणार का? मी मान हलवली, नाही. तुम्ही त्यांना फोन केलात, मला नाही, तेव्हाच मला समजलं. तरी उभी राहिले. माझा जन्म फोनवर गेला, एका बाजूचं ऐकून दुसऱ्या बाजूला काय चाललंय ते मला कळतं.

भावजी म्हणाले, "अरे पण." मग बराच वेळ तुमचं ऐकत राहिले. मग म्हणाले, "वहिनी काही म्हणत नाहीत, मी म्हणतोय." मग, "तुझा ओटा मी कापून ठेवलाय, आता तो कुणाच्या कामाचा?" शेवटी, "बरं. सांगतो."

तुम्ही "बघतो" म्हणाला नाहीत, त्याबद्दल आभार मानते. मनापासून. पहिल्यांदाच तुम्ही सरळ नाही म्हटलंत. तुम्ही ताईंकडे बरे आहात, झोप लागते, रात्री कुणी बोलत नाही, हेही भावजींनी सांगितलं. तुम्हाला झोप लागते हे ऐकून मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं, दोन्ही खरं आहे.

आणि तुमचा निरोप: "भिंत कशाला? सगळी खोली तिलाच असू दे. तिला मोठी खिडकी हवी होती, मोकळी जागाही होईल."

भावजी थापी हातात धरून माझ्यासमोर आले. भिंत खांद्यापर्यंत आली होती. एवढा धिप्पाड माणूस, पण नकाशा चुकलेल्या पोरासारखा दिसत होता. म्हणाले, "वहिनी, पाडून टाकू का? चुना अजून ओला आहे. अर्ध्या दिवसात खोली होती तशी करून देतो."

चिमणी म्हणाली, "पाड की, विचारतोस काय. अर्ध्या खोलीत ही गुदमरेल."

मी म्हटलं, "पाडू नका. पुरी करा."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. चिमणीने तर मला वेड लागलंय की काय म्हणून कपाळाला हात लावून बघितला. मला त्यांना समजावून सांगता आलं नाही. मी, जिला गप्प बसता येत नाही, तिला तेव्हा चार शब्द सापडले नाहीत. तुम्हाला सांगते. तुम्ही भिंत पाडायला सांगितलीत ते माझ्या सोयीसाठी, मला कळलं. पण भिंत पाडली तर ती एक मोठी खोली होईल आणि तिच्यात मी एकटी असेन. भिंत राहिली तर माझी अर्धी माझी आणि पलीकडची तुमची. तुम्ही तिथे नसाल, तरी ती तुमचीच. ताईंकडेही तुम्ही माझ्यापासून लांबच आहात, पण तिथे मला हात लावायला भिंत नाही. इथे असेल.

भावजींनी जास्त विचारलं नाही. शेवटच्या दोन रांगा उरल्या तेव्हा त्यांनी मला घडवंचीवर चढवलं आणि विटा हातात दिल्या. मी लावल्या. वाकड्या बसल्यात. त्यांनी सरळ करायला थापी उचलली आणि मग तशाच राहू दिल्या.

भिंत आज छपराला टेकली. आता माझ्या बाजूने तुमची खिडकी दिसत नाही.

— मी